पात्र कोण, अपात्र कोण?

नागपुरात हिवाळी अधिवेशन भरले की विदर्भातील शेतकरी आत्महत्यांचे आकडे सभागृहात मांडले जातात. पाठोपाठ शासकीय वर्गवारी येते : इतकी प्रकरणे मदतीस पात्र, इतकी अपात्र. सातबाऱ्यावर घरातील कोणाचे नाव नसेल, किंवा कर्ज बिनपरवाना सावकाराचे असेल, तर मृत्यू खरा असूनही अपात्र ठरतो. या कागदी निर्दयतेवर पुरोगामी लेखकांनी कोरडे ओढले, ते योग्यच झाले. परंतु याच विषयावर त्यांनी लिहिलेल्या कथांतूनही असाच एक निवाडा मुकाट्याने होत असतो, याकडे कोणाचे लक्ष आहे काय?

या कथांचा साचा ठरून गेला आहे. करपलेली पऱ्हाटी, बँकेची नोटीस, सावकाराचे कुत्सित हसू आणि अखेरीस अंगणातले प्रेत. कथा तेथे संपते. शेतीचे अर्थकारण मात्र तेथे संपत नाही. कर्ज वारसांच्या माथी येते. दुसऱ्या महिन्यात तलाठ्याकडे हेलपाटे कोण घालते? जमिनीच्या वाट्यासाठी दिराशी कोण झगडते? पुढच्या हंगामाचे बियाणे आणावे की मुलीची फी भरावी, हे कोण ठरवते? ती विधवा कथेत येते, पण हंबरडा फोडण्यापुरती. शासनाच्या आधी कथाकारानेच तिला अपात्र ठरविलेले असते.

निवेदनाचा दृष्टिकोन ही निव्वळ तंत्राची बाब आहे, असे कलावादी म्हणतात. आशय सच्चा असला की पुरे, तंत्राची चर्चा म्हणजे पांढरपेशांचे चोचले, असे चळवळीतील मंडळी म्हणतात. दोघांचेही चुकते. कथा कोणाच्या डोळ्यांनी पाहावयाची हे ठरविणे म्हणजे कोणाचे जगणे जाणते आणि कोणाचे केवळ दयनीय, हे ठरविणे होय. हा निर्णय राजकीयच असतो.

विदर्भाला याचा धडा बाहेरून आणण्याची गरज नाही. उद्धव शेळके यांची ‘धग’ १९६० साली प्रसिद्ध झाली. शिंप्याच्या घरातली कौतिक ही तिची नायिका. निवेदन तृतीयपुरुषी आहे, संवाद वऱ्हाडी आहेत. लेखक दारिद्र्यावर प्रवचन करीत नाही. नवरा महादेव संसाराचा भार उचलत नाही, तेव्हा कौतिक काय करते, एवढेच तो पाहतो. टंचाईतील निवड हा अर्थशास्त्राचा पहिला पाठ. कौतिक तो रोज चुलीपुढे गिरविते. तिच्या या निवडींतूनच तिचा स्वभाव घडतो. गरिबी हे वर्णन नव्हे, तो हिशोब आहे. आणि हिशोब करणाऱ्या माणसाला बुद्धी असते.

मग शोषितांविषयी शोषितांनीच लिहावे काय? त्यांनी लिहिलेच पाहिजे. पण इतरांना त्यामुळे सुटका नाही. हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षांत कोण घेतो’ ही कादंबरी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यमूच्या तोंडून सांगितली. लेखक पुरुष होता, तरी घरातली दृष्टी त्याने बाईला दिली. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’चा (१९५५) निवेदक तरुण शाळामास्तर आहे. आपण धनगरांच्या वाडीत बाहेरून आलो आहोत, हे तो लपवीत नाही. मध्यमवर्गीय लेखकाला हे दोन्ही मार्ग मोकळे आहेत. तिसरा मार्ग, म्हणजे ओसरीवर बसून झोपडीतले सर्व काही ठाऊक असल्याचा आव आणणे, हा मात्र अप्रामाणिक आहे.

चळवळीच्या कथेतील शेतकरी शेवटच्या पानावर जे भाषण करतो, तेही लेखकाचेच असते. अशा पात्राला चुकण्याचा, घाबरण्याचा, प्रसंगी सावकाराशी गोड बोलण्याचा अधिकार नसतो. ज्याला चुकता येत नाही, त्याला लढण्याचा निर्णय तरी कसा घेता येणार? तो फक्त घोषणा वाहून नेतो.

ही तक्रार निव्वळ साहित्यिक नाही. अशा कथांवर पोसलेला कार्यकर्ता गावात जातो, दिवंगताच्या फोटोला हार घालतो आणि दारात उभ्या असलेल्या बाईला ‘घरात कर्ता माणूस कोणी आहे का?’ असे विचारतो. कर्ती तीच असते. तिला ओळखण्याची नजर कथेने दिली नाही, तर ठरावांनी ती येणार नाही.