चिमणी की उघडे डमरूयंत्र?

जैववैद्यकीय कचऱ्याचा विषय निघाला की आपल्या वैद्यवर्गात एक ठराविक उद्गार ऐकू येतो : 'हे मोठ्या रुग्णालयांचे काम, आपल्याकडे काढे आणि चूर्णे, त्यांचा कसला कचरा?' हा समज कायद्याला धरून नाही आणि वस्तुस्थितीलाही नाही. 2016 च्या जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियमांत आयुष रुग्णालयांचा नावानिशी उल्लेख आहे. दवाखाने तर 1998 च्या पहिल्या नियमांतही होतेच. रक्तमोक्षणासाठी वापरलेल्या जळवा, क्षारसूत्राच्या रुग्णाचा रक्ताळलेला कापूस, विद्धकर्माच्या सुया आणि मुदत संपलेली औषधे, हे सारे त्यात येते.

पालघर जिल्ह्यात हा प्रश्न दोन तोंडांनी समोर येतो. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरी पाड्यांवरचा दवाखाना कचऱ्याच्या गाडीपासून दूर आहे. बोईसर-तारापूरला गाडीची अडचण कमी, पण तेथील हवेला आणखी एक चिमणी सोसवेल काय, ही शंका रास्त आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या निर्देशांकात तारापूर औद्योगिक क्षेत्र 93.69 गुणांसह देशात पहिले आले होते. लगतचा डहाणू तालुका 1991 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून अधिसूचित आहे.

तरीही प्रस्तुत लेखक इन्सिनरेटरच्या विरोधात नाही. दवाखान्यामागच्या खड्ड्यात रॉकेल ओतून लावलेली आग हा त्याला पर्याय होऊ शकत नाही. अशा मंद, धुरकट आगीत प्लॅस्टिकसह कचरा जळतो तेव्हा डायॉक्सिनसारखी द्रव्ये तयार होतात. नियमानुसार चालणाऱ्या भट्टीत पहिल्या कक्षात किमान 800 अंश सेल्सिअस आणि दुसऱ्यात 1050 च्या आसपास तापमान राखावे लागते. वायू त्या दुसऱ्या कक्षात किमान 2 सेकंद राहिला पाहिजे आणि चिमणी 30 मीटर उंच हवी. आफ्रिकेतील लसीकरण मोहिमांत विटांच्या लहान, स्वस्त भट्ट्या वापरल्या गेल्या. जागतिक आरोग्य संघटनाही त्यांना तात्पुरती सोय एवढेच मानते. आपल्याकडे तर 75 किलोमीटरच्या आत सामुदायिक केंद्र असल्यास स्वतःची भट्टी लावण्याची मुभाच नाही. सुया व सिरिंज या भट्टीत जात नाहीत. त्यांचे निर्जंतुकीकरण करून तुकडे करावयाचे असतात. ते न होता त्या पुन्हा वापरात आल्या तर काय होते, हे 2009 साली गुजरातेतील मोडासा येथे हिपॅटायटिस-बीच्या साथीने दाखवून दिले.

परंतु खरा मुद्दा पुढेच आहे आणि तो केवळ आपल्या पॅथीचा आहे. भट्टीकडे जाणाऱ्या पिवळ्या पिशवीत नियमाप्रमाणे मुदतबाह्य औषधेही टाकता येतात. औषध दुकानदार कपाट आवरताना त्रिभुवनकीर्ती, आनंदभैरव, लक्ष्मीविलास, आरोग्यवर्धिनी, समीरपन्नग अशा बाटल्या एकत्र करून त्यात लोटतात. आता महाविद्यालयातील रसशास्त्राचा तास आठवावा. हिंगुळ लिंबाच्या रसात खलून डमरूयंत्रात ठेवला, खाली अग्नी दिला, वरच्या भांड्यावर ओले फडके ठेवले की पारद वर जाऊन चिकटतो. हिंगुळोत्थ पारद आपण असाच मिळवतो. पाऱ्याचा उत्कलनबिंदू 357 अंश आहे. मग 800 अंशांच्या भट्टीत हिंगुळाचे, कज्जलीचे काय होईल, हे वैद्याला वेगळे सांगावयास नको. अग्नीने जंतू मरतात, सेंद्रिय द्रव्ये जळतात. पारा मात्र नष्ट होत नाही, केवळ जागा बदलतो. वायू धुण्याच्या स्क्रबरमध्ये त्याचा काही अंश अडकतो, परंतु मूलरूप पारा पाण्यात विरघळत नाही. अशा वेळी ती चिमणी वरचे भांडे काढून घेतलेले डमरूयंत्रच ठरते! सोमल, हरताळ यांची कथाही फार निराळी नाही.

पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता कराराला भारताने 2018 मध्ये मान्यता दिली. त्या करारातील बंदी घातलेल्या उत्पादनांच्या यादीतून पारंपरिक व्यवहारातील उत्पादने वगळलेली आहेत. रसौषधींवर आक्षेप घेणाऱ्यांना आपण हे अभिमानाने ऐकवतो. तीच रसौषधी आपल्या हातून तारापूरच्या आसमंतात वाफ होऊन गेली, तर त्या आक्षेपकांना उत्तर देणे कठीण जाईल.

नियमांत यावर मार्ग आहे. मुदतबाह्य औषध उत्पादकाकडे परत पाठविण्याची तरतूद त्यात आहे, आणि पारदयुक्त कल्पांसाठी दुकानदारांनी तीच वापरावी. अडचण व्यवहाराची आहे. कंपनीचा प्रतिनिधी न फोडलेली खोकी उचलतो, अर्ध्या रिकाम्या बाटल्या मात्र नेत नाही. यास्तव आपल्या संघटनेने पालघर, बोईसर व डहाणू येथील घाऊक विक्रेत्यांशी बोलून सहा महिन्यांतून एकदा रसौषधींची एकत्रित परतपाठवणी ठरवावी, आणि उत्पादकांकडून तो माल धोकादायक कचऱ्याच्या केंद्राकडे गेल्याची लेखी पोच मागावी. तोवर प्रत्येक दुकानात झाकणाचा एक निराळा डबा पुरे. साधा सूतशेखर त्यात टाकण्याचे कारण नाही, त्यात पारद नसतो. इतर सूतशेखर मात्र टाकावा. डब्यावर 'जाळू नये' एवढे दोन शब्द ठळक लिहावेत, म्हणजे दुकानातील पोऱ्याही चुकणार नाही.