चंद्राचे बोगस व्हाउचर

आमच्या अलिबागचा किनारा पश्चिमेकडे तोंड करून बसला आहे. तरी दर रविवारी पहाटे कोणी ना कोणी पाहुणा गळ्यात कॅमेरा अडकवून विचारतोच, "सूर्योदय कुठून दिसतो हो?" मी त्याला एस.टी. स्टँडची दिशा दाखवतो. सूर्य रोज तिकडूनच येतो. बहुधा पहिल्या गाडीने.

या मंडळींवर माझा राग नाही. बँकेच्या काउंटरवर वीस वर्षे काढलेला माणूस अज्ञान माफ करायला शिकतोच. माझे भांडण आहे ते आमच्या मेहुण्याशी.

गेल्या कोजागिरीला आम्ही गच्चीवर दूध आटवत बसलो होतो. आकाशात पातळ ढग, त्यामागे चंद्र म्हणजे कणकेचा पुसट गोळा. मेहुण्याने फोन वर केला आणि मला दाखवला. फोनमधल्या चंद्रावर खळगे मोजून घ्यावेत!

"अरे, पण हे वर कुठे दिसतायत?"

"एआय आहे भाऊजी! तो भरून काढतो."

भरून काढतो! 2023 साली एका चौकस गृहस्थाने चंद्राचा मुद्दाम धूसर केलेला फोटो संगणकाच्या पडद्यावर लावला, खोलीतले दिवे घालवले आणि एका नामांकित कंपनीच्या फोनने त्याचा फोटो घेतला. तर त्या धुसर गोळ्यावर खळगे उगवले! कंपनीचे म्हणणे, आमचा फोन चंद्र ओळखून तपशील सुधारतो. खात्यात शिल्लक नसताना पासबुकात आकडा छापला, तर आमच्याकडे त्याला 'सुधारणा' म्हणत नाहीत. चौकशी अधिकारी येतो.

आणि खरा चंद्र काढणे इतके का अवघड आहे? कॅमेरा म्हणजे सरासरी काढणारा कारकून. काळेभोर आकाश पाहून त्याला वाटते, अंधार फार आहे, उजेड वाढवा. मग चंद्राचा होतो पांढरा ठिपका. वास्तविक चंद्र म्हणजे भर उन्हात पडलेला धोंडा. त्याला दिवसाचाच हिशेब लावायचा: 100 ची फिल्म, एफ 11, सेकंदाचा शंभरावा भाग. फोन असेल तर चंद्रावर बोट टेकवून उजेड खाली ओढायचा. एवढेच. फ्लॅश मारणाऱ्यांविषयी मी बोलत नाही. त्यांचा उजेड चंद्रापर्यंत पोचेल अशी त्यांची श्रद्धा आहे.

त्यातून हौसच असेल तर पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी या. चंद्र सूर्यास्ताआधीच गावामागून वर येतो, आकाशात उजेड असतो, त्यामुळे माड आणि चंद्र एकाच फोटोत नीट येतात. भरतीचा हिशेब कोकणात पाऊणकीने होतो. चौदा पाऊण साडेदहा, म्हणजे साडेदहाच्या सुमारास भरती आणि पावणेपाचच्या सुमारास ओहोटी. कुलाबा किल्ल्याकडची वाळू उघडी पडलेली असते. पुढे सूर्य, पाठीमागे चंद्र, मध्ये तुम्ही. (परतायचे मात्र वेळेवर. पाणी कोणाचे ओव्हरटाइम करत नाही.)

चंद्र लहान येतो म्हणाल, तर येणारच. भिंगाची फोकल लांबी भागिले 110, एवढीच त्याची फिल्मवरची रुंदी. 50 मिलिमीटरच्या भिंगाने अर्धा मिलिमीटरसुद्धा नाही. कॉमर्सवाल्यालाही कळावे इतका सोपा भागाकार.

वडिलांनी आगफा क्लिक थ्रीने काढलेला एक फोटो आमच्याकडे आहे. रोलवर फोटो बारा, त्यातला एक त्यांनी किनाऱ्यावरच्या चंद्रावर खर्च केला, म्हणून आईने तेव्हा बोलून घेतले होते. फोटोत आई रागावलेलीच दिसते. चंद्र तिच्या खांद्याच्या वर, टाचणीने भोक पाडावे तेवढा. वडील फोटोत नाहीत, कारण काढणारे तेच. आता कुठेच नाहीत.

त्या रात्री मी तो फोटो काढून मेहुण्याला दाखवला. त्याने तो दिव्याखाली धरला आणि म्हणाला, "द्या भाऊजी, स्कॅन करून चंद्र मोठा करून देतो. खळगेबिळगे सगळं येईल."

मी फोटो कपाटात ठेवला, किल्ली खिशात टाकली, आणि दूध हवे का असे त्याला दुसऱ्यांदा विचारले नाही.