साखळी शिकते की नुसतीच शिकवते?

रविवारी सकाळी एखाद्या मंगल कार्यालयात किंवा हॉटेलच्या सभागृहात भरणारे नेटवर्क मार्केटिंगचे मेळावे मुंबई-पुण्याच्या वाचकांना नवे नाहीत. यशस्वी वितरकांचा सत्कार, टाळ्यांचा कडकडाट, स्वप्नांची यादी करण्याचा आग्रह आणि बाहेर व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांचा स्टॉल, असा त्यांचा ठरलेला साचा असतो. प्रशिक्षणाला एवढे महत्त्व देणारा दुसरा व्यवसाय शोधावाच लागेल. त्यामुळे 'शिकणारी संस्था' ही व्यवस्थापनशास्त्रातील संकल्पना या व्यवसायाच्या उभारणीसाठी वापरण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. प्रश्न एवढाच, की शिकवणे आणि शिकणे या दोन्ही गोष्टी एकच आहेत काय?

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेचे पीटर सेंगे यांनी १९९० मध्ये 'द फिफ्थ डिसिप्लिन' या ग्रंथातून ही संकल्पना लोकप्रिय केली. वैयक्तिक प्रावीण्य, मनातील गृहीतकांची तपासणी, सामायिक ध्येय, संघाने मिळून शिकणे आणि या चौघांना बांधून ठेवणारी पाचवी गोष्ट म्हणजे व्यवस्थेचा समग्र विचार, अशी त्यांची मांडणी आहे. साखळी व्यवसायाने यातील वैयक्तिक प्रावीण्य, ध्येय आणि संघभावना या तीन गोष्टी उत्साहाने उचलल्या. गृहीतकांची तपासणी आणि समग्र विचार मात्र सोयीस्करपणे बाजूला राहिले.

समग्र विचार म्हणजे काय, हे साध्या गणितातून कळते. प्रत्येकाने केवळ पाच जण जोडायचे ठरवले, तर तेराव्या पायरीवर १२२ कोटींहून अधिक माणसे लागतात. आधीच्या पायऱ्या धरल्यास ही संख्या १५२ कोटींवर जाते, म्हणजे देशाच्या लोकसंख्येलाही मागे टाकते. जी वाढ सुरुवातीला यशाचे कारण असते, तीच पुढे मर्यादेवर आदळते, हे सेंगे यांचे एक महत्त्वाचे प्रतिपादन आहे. साखळीत मात्र वाढ थांबली की दोष गणिताला दिला जात नाही. 'तुमची मेहनत कमी पडली, यादी पुन्हा करा, आणखी दहा जणांना भेटा,' असे वरच्या वितरकाकडून सांगितले जाते.

ख्रिस अर्गिरिस आणि डोनाल्ड शॉन यांनी १९७८ मध्ये शिकण्याचे दोन प्रकार सांगितले होते. ठरलेल्या नियमाच्या चौकटीत चूक दुरुस्त करणे हे एकेरी शिकणे; नियमच बरोबर आहे का, असे विचारणे हे दुहेरी शिकणे. नेटवर्क मार्केटिंगचे बहुतेक प्रशिक्षण पहिल्या प्रकारात मोडते. फोनवर कसे बोलावे, नकार कसा पचवावा, हे तेथे शिकवले जाते. घेतलेला माल अखेर कोण वापरतो, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. ज्याच्या घरी न विकलेला माल पडून राहतो, तो नातेवाइकांसमोर संकोचून गप्प बसतो आणि एक दिवस बैठकीला येणे बंद करतो. त्याच्याबरोबर संस्थेला सर्वाधिक उपयोगी पडणारी माहितीही निघून जाते. व्यासपीठावर बोलावले जाते ते टिकलेल्यांनाच.

दुहेरी शिकणे या व्यवसायात अशक्य आहे असे नाही. पण ते बहुधा बाहेरून लादावे लागले आहे. अमेरिकेत १९७९ च्या ॲमवे प्रकरणात फेडरल ट्रेड कमिशनने कंपनीला पिरॅमिड योजना ठरवले नाही. न विकलेला माल परत घेणे आणि प्रत्यक्ष ग्राहकांना विक्री करणे यासंबंधीचे कंपनीचे नियम त्या वेळी निर्णायक ठरले. पुढे जुलै २०१६ मध्ये याच आयोगाशी झालेल्या तडजोडीत हर्बालाइफने २० कोटी डॉलर देण्याचे मान्य केले. वितरकांना मिळणाऱ्या मोबदल्यापैकी किमान दोन तृतीयांश भाग पडताळणी झालेल्या किरकोळ विक्रीवर आधारलेला असावा, अशी अटही त्यात होती. मोबदला कशावर द्यायचा हा मूळ नियमच तेथे बदलावा लागला.

भारतात १९७८ चा बक्षीस चिट व पैसा परिचलन योजना बंदी कायदा जुनाच आहे. डिसेंबर २०२१ मध्ये ग्राहक संरक्षण कायद्याखाली थेट विक्रीचे स्वतंत्र नियम अधिसूचित झाले. थेट विक्रीला त्यांनी मान्यता दिली, पिरॅमिड योजनांना मज्जाव केला, तक्रार निवारणाची यंत्रणा बंधनकारक केली आणि वितरकाने केलेल्या विक्रीतील तक्रारींसाठी कंपनीला उत्तरदायी ठरवले. तक्रार वरपर्यंत पोहोचण्याची एक वाट यामुळे कागदावर तरी तयार झाली आहे. मात्र ही वाट प्रामुख्याने ग्राहकाची आहे. साखळीतून बाहेर पडणाऱ्या वितरकाचा अनुभव वर पोहोचवायचा, तर त्यासाठी संस्थेचीच इच्छा हवी.

अशी इच्छा असलेल्या गटाला फार काही करावे लागणार नाही. दरमहा किती जण आले याबरोबरच किती जण गेले आणि का गेले, याची नोंद ठेवावी. बाहेरच्या ग्राहकाला झालेली विक्री आणि सदस्यांनीच केलेली खरेदी वेगळी मोजावी. प्रवास आणि मेळाव्यांचा खर्च वजा जाता सर्वसामान्य वितरकाच्या हाती काय उरते, हे नव्या माणसाला पहिल्याच भेटीत सांगावे. हे आकडे समोर ठेवूनही व्यवसाय उभा राहत असेल, तर त्याला शिकणारी संस्था म्हणता येईल. आकडे लपवल्याशिवाय तो उभाच राहत नसेल, तर उणीव वितरकांच्या मेहनतीत नसून योजनेत आहे. पुढच्या रविवारी आमंत्रण आले, तर हेच तीन आकडे विचारावेत. उत्तराऐवजी आणखी एखादे प्रेरणादायी पुस्तक हाती ठेवले गेले, तर काय समजायचे ते समजून घ्यावे.