बाळाचे औषध चमच्याने मोजू नका

शिंका, वाहणारे नाक किंवा अंगावर उठलेले पित्त घेऊन लहान मूल दवाखान्यात आले की चिठ्ठीवर बहुधा ॲलर्जीचे एखादे सिरप असतेच. सोबत तोंडी सूचना, ‘अर्धा चमचा, दोन वेळा’. ही सूचना आता बाद व्हायला हवी. ग्रीसमधल्या एका अभ्यासात घरोघरचे चहाचे चमचे तपासले, तेव्हा कुठल्यात २.५ मि.लि. मावले, तर कुठल्यात ७.३ मि.लि. म्हणजे बाटली तीच, सूचनाही तीच. पण एका घरातल्या मुलाच्या पोटात दुसऱ्या घरातल्या मुलाच्या जवळजवळ तिप्पट औषध. मोठ्या माणसाचे शरीर एवढा फरक बहुधा पचवते. आठ-दहा किलोच्या बाळाकडून ती अपेक्षा ठेवता येत नाही.

त्याहून मोठी गफलत बाटलीवरच्या बारीक अक्षरांत दडलेली असते. क्लोरफेनिरामाइन हे सर्दी-ॲलर्जीवरचे जुने, स्वस्त औषध. त्याच्या एखाद्या सिरपमध्ये ५ मि.लि.ला २ मि.ग्रॅ. औषध असते, तर ड्रॉप्सच्या बाटलीत अवघ्या १ मि.लि.मध्ये २ मि.ग्रॅ., आणि जोडीला नाक मोकळे करणारे ५ मि.ग्रॅ. फिनाइलएफ्रिन. अर्धा चमचा, म्हणजे २.५ मि.लि. सिरपातून मुलाला १ मि.ग्रॅ. क्लोरफेनिरामाइन मिळते. सिरप संपले म्हणून तेवढेच ड्रॉप्स पाजले, तर ५ मि.ग्रॅ.; मोठ्यांची नेहमीची गोळी ४ मि.ग्रॅ.ची असते! हे औषध मेंदूपर्यंत पोचते, म्हणून गुंगी येते. मात्रा फार वाढली तर मूल उलट बेचैन होते, झटके येऊ शकतात, श्वास मंदावू शकतो. भारताच्या औषध महानियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये क्लोरफेनिरामाइन-फिनाइलएफ्रिनच्या याच जोड-औषधावर ‘४ वर्षांखालील मुलांना देऊ नये’ असा इशारा छापायला सांगितले, ते उगाच नाही. प्रोमेथाझिन या ॲलर्जीवरच्या अशाच जुन्या औषधाबाबत तर अमेरिकेत २ वर्षांखालील बाळांसाठी सर्वांत कडक इशारा पूर्वीपासून आहे.

‘वर्षानुवर्षे हेच देत आलो, कुणाला काय झाले?’ हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो. अडचण अशी की जास्त झालेल्या मात्रेचे पहिले लक्षण गुण आल्यासारखेच दिसते. रडणारे मूल गाढ झोपले की घरच्यांना वाटते, आराम पडला. त्या झोपेची नोंद कुठेच होत नाही, मग नुकसान दिसणार कसे? दुसरा आक्षेप मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याचा दाखला देऊन घेतला जातो. २०२५ मध्ये तिथे कोल्ड्रिफ सिरपने वीसहून अधिक बालके दगावली, त्यांतली अनेक नागपुरात उपचार घेत होती. पण तो दोष मात्रेचा नव्हता, डायइथिलीन ग्लायकॉल या विषाचा होता. हे खरेच आहे, आणि भेसळ अचूक मापाने टळत नाही. तरी त्या बाटलीत पॅरासिटामॉलसोबत हीच क्लोरफेनिरामाइन-फिनाइलएफ्रिनची जोडी होती, आणि ती चिमुकल्यांना दिली जात होती. साधी सर्दी बहुधा आठवडा-दहा दिवसांत आपोआप बरी होते. अशा सिरपांनी ती लवकर आटोपत नाही. भेसळ रोखणे सरकारचे काम, पण नको असलेली बाटली न लिहिणे डॉक्टरांच्या हाती आहे.

ॲलर्जीची औषधे टाकून द्या, असे म्हणणे नाही. अंगावर पित्त उठलेल्या किंवा नाकाची ॲलर्जी असलेल्या मुलाला कमी गुंगी आणणारे सेट्रिझिनसारखे औषध योग्य मात्रेत उपयोगी पडते. ती मात्रा मुलाचे वय-वजन पाहून ठरवावी आणि चिठ्ठीवर औषधाची तीव्रता व मि.लि. दोन्ही लिहावे. ‘गर्दीच्या दवाखान्यात एवढा वेळ कुठे?’ असे डॉक्टर विचारतील, पण ‘२.५ मि.लि.’ लिहायला ‘अर्धा चमचा’ लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागत नाही. खुणांची तोंडी सिरिंज काही रुपयांत मिळते. ती प्रत्येक बाटलीच्या खोक्यातच हवी. चिठ्ठीत सिरप असताना दुकानदाराने ड्रॉप्स देऊ नयेत. आईवडिलांनीही मूल झोपावे म्हणून ॲलर्जीचे औषध देऊ नये, आणि दोन बाटल्या एकदम सुरू असतील तर दोन्हींतले घटक ताडून पाहावेत. मात्र लेबलावरची अक्षरे वाचता येतील एवढी मोठी आणि मराठीत असल्याशिवाय त्यांच्याकडून ही दक्षता मागण्याचा हक्क ना कंपन्यांना आहे, ना सरकारला.