लेकीच्या हाती काय द्यावे?



दिवाळी तोंडावर आली की आपल्या भागातल्या बाजारपेठेला उधाण येते. मागील हंगामाचा राहिलेला हप्ता खात्यावर पडलेला असतो, सवलतीची साखर घरात आलेली असते आणि नव्या गाळपाची टोळी अजून आपल्या फडापर्यंत पोचलेली नसते. हातात चार पैसे आणि चार दिवसांची उसंत असा योग वर्षातून एकदाच येतो. मग मुला-नातवंडांची खरेदी निघते.

परवा गट ऑफिसात एक जुने सभासद भेटले. नातवाला सायकल घेतली होती आणि नातीला प्लॅस्टिकची भातुकली. नात अकरा वर्षांची, नातवापेक्षा मोठी. आम्ही म्हणालो, "आबा, सायकल नातीला पायजे हुती की. तिचं हायस्कूल लांब हाय." आबा म्हणाले, "तिला कशाला? आज हाय, उद्या दुसऱ्याच्या घरी."

आबांना नावे ठेवण्याचा आम्हाला अधिकार नाही. आमची थोरली सातवीत वर्गात पहिली आली तेव्हा आम्ही तिला स्टीलचा डबा दिला, 'पुढे संसाराला होईल' म्हणून. त्याच साली धाकटे चिरंजीव कसेबसे पास झाले, त्यांना मनगटी घड्याळ! पोरगी काही बोलली नाही. लग्नानंतर तो डबा मात्र तिने सासरी नेला नाही. अजून आमच्या फळीवर आहे.

सांगायचे ते एवढेच, की आपण काय देतो त्यावरून पोरीला आपली घरातली किंमत कळते. घरच्यांनी आपल्याबद्दल काय धरले आहे, हेही तिला त्यावरूनच समजते. म्हणून भेट घेताना थोडा विचार करावा.

आपण ऊसकरी माणसे. उसाला सगळे खत एकदम टाकत नाही. लागणीला थोडे, दीड-दोन महिन्यांनी दुसरा हप्ता, तीन-चार महिन्यांनी तिसरा आणि मोठ्या बांधणीला शेवटचा. पोरीलाही वय बघूनच द्यावे.

तीन वर्षांच्या आतली पोर हाताला येईल ते तोंडात घालते. वाळे-पैंजण हौसेने घाला, पण सुटणारे घुंगरू, मणी, खेळण्यातला बटणाएवढा सेल यांपासून तिला जपा. घशात अडकले तर जिवावर बेतते. गावच्या सुताराकडून चांगला घासलेला पांगुळगाडा करून घ्यावा किंवा सावंतवाडीची लाकडी खेळणी आणावीत. बाजारातल्या खेळण्यावर आय. एस. आय. ची खूण बघून घ्यावी. १ जानेवारी २०२१ पासून ती सक्तीची आहे. आणि याच वयात पोस्टात जाऊन सुकन्या समृद्धी खाते उघडावे. २०१५ पासूनची ही योजना दहा वर्षांच्या आतल्या मुलींसाठी आहे. वर्षाला किमान २५० रुपये भरले तरी चालते. भरणा १५ वर्षे, मुदत २१ वर्षे आणि अठरा पूर्ण झाल्यावर शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. बारशाला आलेल्या पाकिटांतून पहिला हप्ता सहज निघतो.

चार ते सात वर्षांची पोर म्हणजे घरभर नाचणारे वारे. भातुकली द्यायला हरकत नाही, ती वाईट नव्हे. पण बरोबर चेंडू द्या, उडीची दोरी द्या, रंगपेटी द्या. भातुकलीला तिच्या भावालाही बसवा. चहा करता आला म्हणून कुणा पुरुषाचे आजवर काही बिघडलेले नाही.

आठ ते दहा या वयात वाचायची गोडी लागली तर लागली. साने गुरुजींची पुस्तके आहेत. बालभारतीचे 'किशोर' मासिक १९७१ पासून निघते, त्याची वर्गणी भरली तर भेट बारा महिने घरी येत राहते. एखादे भिंग द्या, बुद्धिबळाचा पट द्या. भिंग घेऊन पोरगी उसाच्या पानावरचा मावा बघायला लागली तर आपलाही फायदाच आहे!

अकरा ते चौदा हे वय नाजूक. पुष्कळ पोरींची शाळा इथेच सुटते. कारण काय, तर हायस्कूल लांब, वाट एकटी. या वयाला सायकलीसारखी भेट नाही. बिहार सरकारने २००६ साली नववीतल्या मुलींसाठी सायकल योजना काढली. पुढे अभ्यासकांनी पाहणी केली तेव्हा शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण चांगलेच वाढलेले दिसले. एका सायकलीने जे होते ते दहा भाषणांनी होत नाही. आणखी एक गोष्ट उघड लिहितो, कारण ती कुणी लिहीत नाही. याच वयात पोरीची पाळी सुरू होते. तिला स्वतःचे, कडी लागणारे कपाट द्या आणि महिन्याचे पॅड किराणाच्या यादीत न लाजता लिहा. शाळा बुडणार नाही.

पंधरा ते सतरा. इथे आपल्याकडे रुखवताची भांडी आणि साड्या साठवायला सुरुवात होते. थांबा जरा. तिला घड्याळ द्या, अभ्यासाला टेबल-खुर्ची द्या, स्वतःच्या नावाचे बँकेचे पुस्तक द्या. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातील मुलींना बऱ्याच व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ आहे. राहणे, जेवण, पुस्तके यांचा खर्च राहतो. साड्यांचे पैसे तिकडे वळवा. आणि अठराच्या आत लग्न लावणे हा गुन्हा आहे, हे वेगळे सांगायला नको.

अठरा पूर्ण झाली की मोठी बांधणी. याविषयी आम्हाला सगळ्यात जास्त सांगायचे आहे.

हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. महाराष्ट्राने १९९४ साली त्या वेळच्या अविवाहित मुलींना तो दिला, देशभर २००५ साली मिळाला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली तो जन्मापासूनचा असल्याचे स्पष्ट केले. पण गावात काय चालते ते आपण जाणतो. बाप गेला की बहिणीला तलाठ्याकडे नाहीतर नोंदणी कचेरीत नेतात, हक्कसोडपत्रावर सही घेतात आणि पुढे दर भाऊबीजेला साडी देतात. बहीणही माहेर तुटू नये म्हणून मुकाट्याने सही करते. सभासदहो, ही साडी भेट आहे की किंमत, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावे.

आपला कारखाना ऊस पिकवणाऱ्यांचा. सभासद व्हायचे तर वय अठरा पूर्ण आणि नावावर जमीन लागते. सातबाऱ्यावर लेकीचे नाव नाही, म्हणून सभासद यादीतही नाही. संचालक मंडळात स्त्रियांसाठी दोन जागा राखीव आहेत, पण तिथे उभे राहायलाही आधी सभासद व्हावे लागते. हयातीत लेकीला बक्षीसपत्राने शेतजमीन दिली तर मुद्रांक शुल्कात मोठी सवलत आहे. नेमका खर्च दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्यावा. ज्यांना एवढे आज जमत नाही, त्यांनी निदान आपल्या शेअरच्या वारसनोंदीत मुलाच्या जोडीला मुलीचे नाव घालावे.

कुणी म्हणेल, वाटे पडून जमिनीचे तुकडे होतील. होतील. पण तीन भावांत वाटणी करताना तुकड्यांची काळजी कुणी केलेली आम्ही पाहिली नाही. ती बहिणीच्याच वाट्याला का आठवते?

आम्ही गेल्या महिन्यात थोरलीचे नाव वारसनोंदीत घातले. फार उशिरा घातले, हे कबूल. फॉर्म शेअर विभागात मिळतो. यंदाच्या दिवाळी बाजाराच्या यादीत सायकलीखाली तोही लिहून ठेवा.

सर्व सभासदांना व त्यांच्या लेकी-सुनांना दीपावलीच्या शुभेच्छा!