गाडी कुठं थांबणार, ते दारावर लिहा

आमच्या गावात पाण्याची टाकी एकच होती तोवर 'टाकीजवळ' हा पत्ता बिनतोड होता. पोस्टमन, सिलिंडरवाला, मुलगी बघायला आलेले पाहुणे, सगळे टाकी बघून वळायचे. मग जलजीवनची नवी टाकी गावाच्या दुसऱ्या टोकाला उभी राहिली आणि आमचा पत्ता निकामी झाला. तो निकामी झालाय हे मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. आलं ते दोन वर्षांपूर्वी, पौषातल्या एका रात्री.

शेजारच्या अण्णांच्या छातीत कळा यायला लागल्या. सूनबाईनं १०८ लावला आणि सांगितलं, "मराठी शाळेच्या मागं, टाकीजवळ." गाडी निघाली, गावात आली आणि नव्या टाकीखाली जाऊन उभी राहिली. ओढ्यापलीकडून सायरन ऐकू येतोय, गाडी दिसत नाही. ड्रायव्हर फोन लावतोय, तर सूनबाईंचा फोन एंगेज. त्या पुण्याच्या दिरांना कळवत होत्या, मग मिरजेच्या नणंदेला. वीस मिनिटं अशीच गेली. अण्णा वाचले, पण अजूनही जिना चढताना दोनदा थांबतात. तेवढ्या वेळात रक्तावाचून राहिलेला हृदयाचा भाग काही परत आला नाही.

पुढं एकदा ड्रायव्हरशी चहा पिताना बोलणं झालं. तो म्हणाला, "काका, गाव सापडतंय ओ. घर सापडत न्हाई." त्या वाक्यासाठीच हे सगळं लिहायला बसलो आहे.

आपण पत्ता सांगतो तो ओळखीच्या माणसाला सांगावा तसा. पिंपळाच्या पारापुढं, सरपंचांच्या घराला लागून, पहिल्या वाडीत. १०८ चा फोन उचलणारी मुलगी मात्र आपल्या गावची नसते. २०१४ साली महाराष्ट्रात ही सेवा सुरू झाली ती राज्यभरासाठी पुण्यात एकच नियंत्रण कक्ष ठेवून. सिरोंच्यातून करा की सावंतवाडीतून, फोन तिथंच. त्या मुलीनं तुमचा पार कधी पाहिलेला नाही, आणि वडगाव आणि पिंपळगाव राज्यात किती आहेत हे तुम्हालाही ठाऊक आहे. त्यात २०२० च्या डिसेंबरात वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय झाला. निर्णय योग्यच होता. पण कागदावर नवं नाव आणि घाबरलेल्या माणसाच्या तोंडी जुनं, अशी गल्लत अजून होते.

मग दारावरचा ग्रामपंचायतीचा घर नंबर? तो घरपट्टीसाठी आहे. ज्या क्रमानं नोंद झाली त्या क्रमानं पडलेला. आमच्या आळीत ११२ च्या शेजारी ३४० आहे. पिनकोडही इथं पुरत नाही. श्रीराम भिकाजी वेलणकर या आपल्या मराठी माणसानं, संस्कृतात कविता करणाऱ्या टपाल अधिकाऱ्यानं, तो बसवला आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून तो लागू झाला. टपालाची थैली बरोबर पोस्टात पोचावी यासाठी तो केला होता आणि ते काम तो आजही चोख करतो. पण खेड्यात एका पिनमध्ये पाच-दहा गावं सहज बसतात.

आता पोस्टानंच त्याच्या पुढचं पाऊल टाकलं आहे. मे २०२५ मध्ये 'डिजिपिन' आला. टपाल खात्यानं आयआयटी हैदराबाद आणि इस्रोच्या दूरसंवेदन केंद्राबरोबर तो तयार केला. सगळा देश साधारण चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनांत वाटलाय आणि प्रत्येक चौकोनाला इंग्रजी अक्षरं-आकड्यांच्या दहा खुणांचा एक कायमचा नंबर आहे. घर असो, गोठा असो, माळावरचं बाभळीचं झाड असो. त्यात नाव-गाव काही नसतं, फक्त जागा. गूगल मॅप्समध्ये याच जातीचा 'प्लस कोड' आहे, त्याचा चौकोन जरा मोठा, साधारण चौदा मीटरचा. घानानं तर २०१७ सालीच देशभर असे डिजिटल पत्ते आणले, कारण तिथंही घरांना नंबर नव्हते.

दोन्हीतला कुठला घ्यावा? दोन्ही लिहून ठेवा. पण आज मध्यरात्री उपयोगी पडेल तो बहुधा प्लस कोड, कारण ड्रायव्हरच्या हातात मॅप्स असतो आणि त्यात कोड टाकला की जागा उघडते. डिजिपिन नवा आहे, तो सगळ्यांच्या अंगवळणी पडायला वेळ लागेल.

तुम्ही म्हणाल, व्हॉट्सअॅपवर लोकेशन पाठवलं की झालं. होतं ना, जिथं रेंज आहे, स्मार्टफोन आहे आणि तो चालवणारं माणूस शुद्धीवर आहे तिथं. आमच्याकडं रात्री घरात राहतात म्हातारा-म्हातारी आणि एक बटणांचा फोन. म्हातारीला लोकेशन पाठवता येत नाही, पण भिंतीवर लिहिलेलं वाचता येतं, नाहीतर शेजारच्या पोराकडून वाचून घेता येतं. कोडचा खरा फायदा हाच, की तो साध्या फोनवर तोंडी सांगता येतो.

तर उद्या दिवसाउजेडी एवढं करा. घरातल्या शिकल्यासवरल्या पोराला बरोबर घ्या आणि बाहेर पडा. कोड घराचा घेऊ नका, गाडी जिथं उभी राहील त्या जागेचा घ्या. बहुतेक जण इथंच चुकतात. माजघरात कॉटवर बसून घेतलेला कोड ड्रायव्हरला मागच्या शेताच्या बांधावर नेऊन सोडतो, कारण नकाशाला मागची पाणंद जवळची वाटते. गाडी येते ती वाट, वळते ती जागा बघा आणि तिथं उघड्यावर उभे राहा. फोनवरचा निळा ठिपका हलायचा थांबला की मॅप्समध्ये त्या जागी बोट दाबून धरा. खाली कोड येतो, अधिकचं चिन्ह असलेला, शेजारी गावाचं नाव. नावासकट उतरवून घ्या, नावाशिवाय तो छोटा कोड अपुरा आहे. पोस्टाच्या संकेतस्थळावर तिथंच उभं राहून डिजिपिनही मिळतो.

कालनिर्णयवर लिहू नका, महिना संपला की पान उलटतं. पेंटरकडून दाराच्या चौकटीवर घालून घ्या, ग्रामपंचायतीच्या नंबराखाली. खाली साध्या मराठीत एक ओळ: 'गाडी मारुतीच्या देवळापुढं थांबते, पुढं बोळ आहे.'

फोनवर सांगताना घाई नको. आधी जिल्हा आणि तालुका, मग गाव आणि वाडी, मग कोड. आकडे एकेक सांगा. इंग्रजी 'पी', 'टी', 'सी' फोनवर सारखेच ऐकू येतात, म्हणून पी पुण्याचा, टी टेबलाचा, सी चहाच्या कपाचा, असं म्हणा. समोरच्यानं कोड घेतला नाही तर हट्ट धरू नका, तोंडी पत्ता नीट द्या आणि ड्रायव्हरचा फोन आला की त्याला कोड सांगा. आणि ज्या फोनवरून १०८ लावला तो मोकळा ठेवा. पाहुण्यांना दुसऱ्या फोनवरून कळवा, नाहीतर सकाळी कळवा. एकानं बॅटरी घेऊन फाट्यावर जाऊन उभं राहायचं. त्याची सर अजून कुठल्याच कोडला नाही.

मुंबई-पुण्यात असलेल्या मुलांनी आईवडिलांच्या दाराचा कोड आपल्या फोनात ठेवावा, कारण म्हातारी पहिला फोन पोराला करते. बंगळूरला किंवा परदेशात असाल तर मात्र तिथून १०८ लावून उपयोग नाही, तो तिथल्या यंत्रणेला लागेल, नाहीतर कुठंच लागणार नाही. शेजारच्या दोन घरांचे नंबर ठेवा आणि कोड त्यांनाही देऊन ठेवा.

रस्ता नसेल तर कोड रस्ता करत नाही. आमच्या वरच्या धनगरवाड्यावर गाडी जात नाही, पेशंट खालपर्यंत आणावा लागतो. तिथं गाडी थांबते त्या खडीच्या ढिगाचा कोड घेतला आहे.

ज्यांना याची सर्वांत जास्त गरज, ते हे वाचणार नाहीत. दरवर्षी बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या आमच्याकडं येतात, कोप्या पडतात त्या कुणाच्या तरी रिकाम्या शेतात. त्यांना घर नंबर नाही, वाडी नाही, गावाचं नावही नीट ठाऊक नाही. त्यात पोटुशा बाया असतात. बाळंतपणानंतर अंगावरून जायला लागलं तर दोन तासांतही जीव जातो. रात्री पाचटातून मण्यार चावली तर दुखतही नाही, झोपेतच अंग लुळं पडत जातं. या कोडला घर लागत नाही, नुसती जमीन पुरते. ज्याच्या शेतात कोप्या आहेत त्यानं किंवा कारखान्याच्या चिटबॉयनं पाच मिनिटं काढून मुकादमाच्या फोनात कोड घालून द्यावा आणि पाण्याच्या टाकीवर खडूनं लिहावा.

आशाताईंच्या वहीत गरोदर बायांची नावं आणि तारखा असतातच. आमच्या आशाताईंनी या वर्षी तारखेच्या शेजारी आणखी एक रकाना आखलाय, पट्टी नव्हती म्हणून जरा वाकडा. सतरा नावं आहेत. त्यातली चौदा घरं भरून झाली. तीन बाया कोप्यांवरच्या, टोळी परवा पलीकडच्या शिवारात गेली, तिथं शनिवारी जायचं आहे.