फोन कोणी उचलावयाचा?

3 मे 2021 रोजी केंद्र सरकारने जाहीर केले की, एम.बी.बी.एस.च्या अंतिम वर्षातील विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या देखरेखीखाली सौम्य कोरोना रुग्णांना फोनवरून सल्ला देण्याच्या कामी घेता येईल. दुसरी लाट घराघरांत शिरली होती. अशा वेळी तरुणांची मदत घेतली, याबद्दल कोणाचीच तक्रार असणार नाही. तक्रार आहे ती, संकटकाळातील ही तडजोड ग्रामीण आरोग्यसेवेचे भूषण म्हणून मिरविणाऱ्यांबद्दल.

फोनचा उपयोग नाही असे नव्हे. रक्तदाबाच्या जुन्या रुग्णाला गोळ्यांसाठी गगनबावड्याहून पंचावन्न किलोमीटर एस.टी.ने कोल्हापूरच्या सी.पी.आर.पर्यंत यावे लागू नये, हे चांगलेच. परंतु कोरोनाने या साधनाची मर्यादा उघडी केली. रक्तातील प्राणवायू घसरत असतानाही अनेकांना धाप जाणवत नसे. रुग्ण फोनवर स्वच्छ आवाजात 'बरा आहे' म्हणे, आणि बोटाला ऑक्सिमीटर लावला की आकडा 94 च्या खाली! तो ऑक्सिमीटर वाडीवस्तीवर नेला कोणी? सप्टेंबर 2020 च्या 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहिमेत तो घेऊन दारोदार हिंडली ती आशा सेविका. तिच्या हाताविना विद्यार्थ्याचा कान आंधळाच!

शिवाय देखरेखीचे काय? 25 मार्च 2020 च्या नियमावलीने दूरस्थ सल्ल्याचा अधिकार दिला तो नोंदणीकृत डॉक्टरांना. विद्यार्थी नोंदणीकृत नव्हे. म्हणजे जबाबदारी प्राध्यापकाची. महाविद्यालयात प्राध्यापकांच्या जागाच रिकाम्या असतील तर देखरेख कोणी करावयाची? आणि पोटाला हात लावून, छातीला नळी लावून जे शिकावयाचे, ते या मुलांनी कोठे शिकावयाचे? राजर्षी शाहूंनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हा गावाला शाळा आणि शाळेला मास्तर लागतो हे त्यांनी गृहीत धरले होते. त्यांचेच नाव धारण करणाऱ्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या जिल्ह्यात गावाला डॉक्टर लागतो, हे आज पटवून द्यावे लागावे!

शाहूवाडी, चंदगडच्या उपकेंद्रांत आधी परिचारिका नेमा, औषधे ठेवा. फोन मग तिच्या टेबलावर खुशाल ठेवा. पैसा नाही, ही सबब सांगू नका. 15 जून 2021 रोजी राज्यातील सुमारे सत्तर हजार आशा सेविका संपावर गेल्या, तेव्हा त्यांच्या पदरात पडले महिना दीड हजार रुपये. त्यातले पाचशे तर कोरोनाभत्त्याचे.